शर्यतीच्या मोटारीसमोर पडदा केवढा हवा?



मोटारींच्या शर्यतीचा खेळ तुमच्यापैकी पुष्कळांनी संगणकावर खेळला असेल. काही हौशी मंडळी याच्याही पुढे जातात. घरातल्या एखाद्या खोलीत मोटारीसारखे आसन, हातात स्टीअरिंगचे चाक, पायाशी ब्रेक आणि ॲक्सिलरेटरची पेडले असा सरंजाम मांडायचा आणि समोरच्या भिंतीवर प्रोजेक्टरने रस्त्याचे चित्र पाडायचे. झाली शर्यतीची मोटार तयार! गाडी जागची हलत नाही, पण रस्ता मात्र पळतो. अशा मांडणीला सिम्युलेटर म्हणतात.

ही मांडणी करताना पहिला प्रश्न येतो तो पडद्याचा. पडदा केवढा घ्यावा? बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : "भिंतीवर मावेल तेवढा मोठा!" हे उत्तर अगदीच चूक आहे असे नाही, पण त्यामागचे कारण मात्र चूक असते. मोठ्या पडद्यावर गाड्या मोठ्या दिसतील, असे आपल्याला वाटते. गंमत अशी की, मांडणी बरोबर असेल तर त्याच आसनावरून पाहताना मोठ्या पडद्यावरची गाडी लहान पडद्यावरच्या गाडीपेक्षा जराही मोठी दिसत नाही! मग मोठ्या पडद्याचा उपयोग तरी काय? हे कोडे सोडवायला भूमितीतला एक कोन आणि थोडे प्रकाशशास्त्र एवढे पुरेसे आहे.

हा नुसता खेळ नव्हे

सिम्युलेटरची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील एडविन लिंक याने १९२९ साली वैमानिकांना शिकवण्यासाठी जमिनीवरच राहणारे एक लहानसे विमान बनवले. त्याच्या वडिलांचा ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गनमध्ये हवा भरण्यासाठी भाते असतात. तसेच भाते वापरून लिंकचे विमान डावी-उजवीकडे झुके आणि वर-खाली होई. पुढे १९३४ साली अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांवर टपाल वाहून नेण्याचे काम आले. खराब हवेत नुसत्या उपकरणांकडे पाहून विमान चालवण्याचा पुरेसा सराव नसल्यामुळे अनेक वैमानिक प्राणांस मुकले. तेव्हा लष्कराने लिंकची यंत्रे विकत घेतली.

मोटारींच्या बाबतीतही असेच झाले. फॉर्म्युला वन शर्यतींचा हंगाम चालू असताना प्रत्यक्ष मार्गावर सराव करण्यावर २००९ सालापासून कडक बंधने आली आणि संघांच्या दृष्टीने सिम्युलेटरचे महत्त्व फार वाढले. ब्रिटनचा जॅन मार्डनबरो हा तरुण २०११ साली संगणकावरील शर्यतीतून निवड करणारी 'जीटी अकॅडमी' ही स्पर्धा जिंकला आणि २०१३ साली फ्रान्समधील ल मान्स येथे २४ तासांच्या खऱ्याखुऱ्या शर्यतीत गाडी चालवू लागला.

म्हणजे सिम्युलेटर शिकवतो हे नक्की. पण शिकवणारा जर खोटे दाखवत असेल, तर शिकणारा खोटेच शिकेल. पडद्याचा आकार ठरवताना हीच गोष्ट पणाला लागलेली असते.

पुठ्ठ्याची खिडकी

प्रथम एक सोपा प्रयोग करू. एका पुठ्ठ्यात १६ सेंटिमीटर रुंद आणि ९ सेंटिमीटर उंच अशी चौकट कापा. गच्चीत किंवा खिडकीशी उभे राहा. एक डोळा मिटून दुसऱ्या डोळ्यासमोर ३० सेंटिमीटरवर ही चौकट धरा आणि दूरच्या एखाद्या झाडाकडे पाहा. आता चौकट हळूहळू जवळ आणा. १५ सेंटिमीटरवर आणा, मग ८ सेंटिमीटरवर आणा.

काय दिसले? चौकट जवळ येत गेली तसे झाडाच्या आजूबाजूचे जास्त जास्त दिसू लागले. शेजारचे घर, विजेचा खांब, कोपऱ्यावरचे दुकान सारे चौकटीत आले. पण झाड मोठे झाले का? मुळीच नाही. झाड होते तेवढेच राहिले.

आता दुसऱ्या पुठ्ठ्यात ३२ सेंटिमीटर रुंद आणि १८ सेंटिमीटर उंच चौकट कापा आणि ती ३० सेंटिमीटरवर धरा. लहान चौकटीतून १५ सेंटिमीटरवरून जेवढे दिसत होते, नेमके तेवढेच दिसेल. रुंदी दुप्पट, अंतरही दुप्पट, म्हणून दृश्य तेच. यावरून लक्षात येईल की डोळ्याच्या दृष्टीने चौकट किती सेंटिमीटरची आहे याला महत्त्व नाही. तिच्या दोन कडा डोळ्याशी केवढा कोन करतात याला महत्त्व आहे. या कोनाला आपण दर्शनकोन म्हणू.

दर्शनकोन काढणे सोपे आहे. आलेखाच्या कागदावर प्रमाण घेऊन आकृती काढा आणि कोनमापकाने मोजा. दहावीतल्या मुलांना त्रिकोणमिती येते. त्यांनी चौकटीच्या निम्म्या रुंदीला अंतराने भागावे. येणारी संख्या म्हणजे निम्म्या कोनाचा टॅन. आपल्या लहान चौकटीचा दर्शनकोन ३० सेंटिमीटरवर ३० अंश, १५ सेंटिमीटरवर ५६ अंश आणि ८ सेंटिमीटरवर ९० अंश येतो.

पडदा म्हणजे खिडकी

इटलीतील विद्वान आल्बर्ती याने १४३५ साली चित्रकलेवरच्या आपल्या ग्रंथात चित्राला उघड्या खिडकीची उपमा दिली होती. सिम्युलेटरचा पडदा ही अशीच एक खिडकी आहे. संगणक रस्त्याचे चित्र काढतो तेव्हा तो पाहणाऱ्याचा डोळा एका ठरावीक जागी आहे असे धरून चालतो. ती जागा किती अंतरावर आहे हे आपण खेळातल्या एका मापाने त्याला सांगत असतो. ते माप म्हणजे दर्शनकोन.

समजा, पडदा २ मीटर रुंद आहे आणि आपण त्यापासून २ मीटरवर बसलो आहोत. आपला खरा दर्शनकोन ५३ अंश आहे. पण "बाजूचे जास्त दिसावे" म्हणून आपण खेळात ९० अंशांचा कोन ठेवला. २ मीटरच्या पडद्याचा दर्शनकोन ९० अंश व्हायला डोळा १ मीटरवर हवा. संगणक तसे धरूनच चित्र काढणार. आता पुढे ५० मीटरवर २ मीटर रुंदीची एक गाडी आहे. समरूप त्रिकोणांवरून पडद्यावर तिची रुंदी किती येईल? १ मीटरचा पन्नासावा भाग घेऊन त्याला २ ने गुणले की ४ सेंटिमीटर. हे ४ सेंटिमीटरचे चित्र आपण २ मीटरवरून पाहतो. २ मीटर रुंदीची खरी गाडी एवढी लहान केव्हा दिसते? ती १०० मीटरवर असते तेव्हा!

म्हणजे ५० मीटरवरची गाडी १०० मीटरवर असल्यासारखी दिसली. शर्यतीच्या मार्गावर वळणाआधी १५०, १००, ५० अशा अंतराच्या पाट्या लावलेल्या असतात. त्यांतली १०० ची पाटीही दुप्पट दूर दिसेल. रस्त्याची रुंदी मात्र बदलत नाही, त्याची लांबी तेवढी ताणली जाते. त्यामुळे वळणाचा आकारही बिघडतो. ब्रेक कोठे दाबायचा आणि चाक किती फिरवायचे, हे दोन्ही अंदाज चुकतात. सरावाने माणूस या चुकीशीही जुळवून घेतो आणि खेळात जिंकूही लागतो. पण हीच सवय लागलेले डोळे घेऊन तो खऱ्या मोटारीत बसला तर?

तेव्हा पहिला नियम असा : खेळात ठेवलेला कोन आणि पडद्याने डोळ्याशी केलेला कोन एकच असला पाहिजे. येथेच आरंभीचे कोडे सुटते. हा नियम पाळला तर गाडी खऱ्याएवढीच दिसते, मग पडदा लहान असो की मोठा. मोठा पडदा गाडी मोठी करत नाही, खिडकी मोठी करतो.

वेग कोठे दिसतो?

खिडकी मोठी असण्याचा फायदा काय? वळणात शिरताना चालक समोर पाहत नाही, वळणाच्या आतल्या कडेकडे पाहतो. अरुंद खिडकीत ती कड दिसतच नाही. शेजारून पुढे येणारी गाडीही दिसत नाही. पण याहून मोठे कारण वेगाच्या जाणिवेचे आहे.

एस. टी. च्या खिडकीतून तुम्ही पाहिलेच असेल. अगदी समोर, लांबवरचा खांब बराच वेळ जागच्या जागी असल्यासारखा वाटतो. तो जवळ येऊन बाजूला सरकू लागला की त्याची घाई सुरू होते, आणि आपल्या शेजारून तो सपकन निघून जातो. म्हणजे वेग दिसतो तो समोर नव्हे, बाजूला.

याचे गणित करता येते. गाडी सेकंदाला ३० मीटर, म्हणजे तासाला १०८ किलोमीटर वेगाने चालली आहे आणि खांब आपल्या वाटेपासून ५ मीटर बाजूला आहे असे समजा. खांब समोरच्या दिशेपासून १० अंशांवर असताना तो आपल्या नजरेत सेकंदाला सुमारे १० अंश सरकतो. साडेसव्वीस अंशांवर हाच दर सुमारे ६९ अंश होतो. ४५ अंशांवर तो सुमारे १७२ अंश होतो! वरच्या वर्गातल्या मुलांसाठी सूत्र देतो : कोनाच्या साइनचा वर्ग घ्या, त्याला वेगाने गुणा आणि ५ मीटरने भागा. उत्तर रेडियनमध्ये येईल.

५३ अंशांच्या पडद्याची कड समोरच्या दिशेपासून साडेसव्वीस अंशांवर असते, तर ९० अंशांच्या पडद्याची ४५ अंशांवर. म्हणजे खिडकी रुंद केली की कडेला दिसणारी धावपळ अडीच पट होते. रुंद पडद्यासमोर बसलेल्याला गाडी भरधाव वाटते, ती यामुळे. तेथे दृश्य खोटे करावे लागत नाही. खऱ्या दृश्याचा जो भाग लहान पडद्याने कापून टाकला होता, तोच परत मिळतो.

आता माप काढू

क्रम लक्षात ठेवा : आधी अंतर, मग कोन आणि शेवटी रुंदी. दुकानात जाऊन आधी पडदा आणला तर सगळेच उलटे होते.

अंतर आपले पाय ठरवतात! पेडले डोळ्यांच्या बरीच पुढे असतात आणि पडदा त्यांच्याही पुढे हवा. आपण आसनावर बसून डोळ्यांपासून पेडलांच्या पुढच्या टोकापर्यंतचे आडवे अंतर मोजावे. समजा ते सव्वा मीटर आले. थोडी मोकळी जागा धरून पडदा दीड मीटरवर ठेवू.

दीड मीटरवर ९० अंशांचा कोन हवा तर पडदा ३ मीटर रुंद लागेल. १० फूट रुंदीच्या खोलीत ही जवळजवळ पूर्ण भिंत झाली. दाराला किंवा कपाटाला जागाच उरली नाही. म्हणून थोडे कमी घेऊ. सव्वादोन मीटर रुंदीचा पडदा दीड मीटरवर सुमारे ७४ अंशांचा कोन करतो. चांगली तडजोड आहे. रुंदी आणि उंची यांचे प्रमाण १६:९ धरले तर उंची सुमारे १ मीटर २७ सेंटिमीटर येते. मार्गाचे क्षितिज डोळ्यांच्या पातळीवर यावे अशा बेताने पडदा लावावा.

दुकानदार मात्र रुंदी सांगत नाही, कर्ण सांगतो, आणि तोही इंचांत. येथे पायथागोरस मदतीला येतो. १६ आणि ९ यांच्या वर्गांची बेरीज ३३७, तिचे वर्गमूळ सुमारे १८.३६. म्हणजे कर्णाला १८.३६ ने भागून १६ ने गुणले की रुंदी मिळते. '१०० इंची' पडदा सुमारे ८७ इंच, म्हणजे २ मीटर २१ सेंटिमीटर रुंद असतो. आपल्याला तो चालेल. दीड मीटरवर त्याचा कोन सुमारे ७३ अंश होतो आणि खेळातही तोच ठेवायचा. एक खबरदारी घ्यावी. काही खेळ आडवा कोन विचारतात, काही उभा. आडव्या ७४ अंशांना १६:९ च्या पडद्यावर सुमारे ४६ अंशांचा उभा कोन जुळतो.

मोठेपणाची किंमत

प्रोजेक्टरमधून निघणारा प्रकाश ठरावीक असतो. तो ल्युमेन या एककात मोजतात. हाच प्रकाश जितक्या चौरस मीटरवर पसरेल तितका तो पातळ होतो. दर चौरस मीटरला किती ल्युमेन पडले, ते लक्स या एककात सांगतात. २००० ल्युमेनचा प्रोजेक्टर घेतला तर हिशेब असा होतो :

२ मीटर रुंद पडदा : क्षेत्रफळ २.२५ चौ. मीटर, सुमारे ८९० लक्स.
३ मीटर रुंद पडदा : क्षेत्रफळ ५.०६ चौ. मीटर, सुमारे ३९५ लक्स.
४ मीटर रुंद पडदा : क्षेत्रफळ ९ चौ. मीटर, सुमारे २२० लक्स.

रुंदी दुप्पट झाली की उजेड चौथाई झाला. आपल्या सव्वादोन मीटरच्या पडद्यावर सुमारे ७०० लक्स पडतील. आता खोलीतल्या ट्यूबलाइटचा १०० लक्स प्रकाशही पडद्यावर पडतो आहे असे समजा. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. जेथे तो प्रकाश टाकत नाही तेथे खोलीचा हा प्रकाश राहतोच. मग पांढरे ८०० आणि 'काळे' १००, म्हणजे फरक केवळ आठ पट राहिला. ४ मीटरच्या पडद्यावर तो जेमतेम तीन पट राहील, आणि डांबरी रस्ता व त्यावरची सावली वेगळी ओळखता येणार नाही. म्हणून दिवे मालवा, पडदे ओढा.

दुसरी किंमत बारकाव्याची. चित्र बिंदूंचे बनलेले असते. चांगल्या नजरेला अंशाचा साठावा भाग, म्हणजे एक कला, एवढ्या कोनातला फरक कळतो. दीड मीटरवर हे अंतर अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी भरते. प्रोजेक्टर आडव्या ओळीत १९२० बिंदू देत असेल तर आपल्या पडद्यावर एक बिंदू सुमारे १.२ मिलिमीटरचा, म्हणजे पावणेतीन कलांचा होतो. लांबच्या पाटीवरचे आकडे म्हणूनच फुटलेले दिसतात. ३८४० बिंदूंचा प्रोजेक्टर घेतला तर ही अडचण निम्मी होते. ध्यानात घ्या, हा दोषही कोनावर अवलंबून आहे. ७४ अंशांत १९२० बिंदू पसरले की पडदा एक मीटरचा असो वा तीन मीटरचा, बिंदू तेवढाच मोठा दिसणार.

मग कोन तोच ठेवून पडदा मोठा करायचा आणि मागे सरकून बसायचे, यात काही लाभ आहे का? थोडा आहे. ३ मीटरचा पडदा २ मीटरवर ठेवला तरी कोन ७४ अंशच राहतो. डोळ्यांना जवळ केंद्रित करण्याचे श्रम कमी पडतात. शिवाय डोके १० सेंटिमीटर पुढे झुकले तर २ मीटरच्या अंतरात ५ टक्के फरक पडतो. टेबलावरच्या, ६० सेंटिमीटरवर असलेल्या पडद्याला हाच फरक जवळजवळ १७ टक्के पडतो. पण ७०० लक्सचे ३९५ लक्स झाले, हे विसरू नका. भौतिकशास्त्रात फुकट काही मिळत नाही.

डोक्याची सावली

प्रोजेक्टर कोठे ठेवायचा? भिंगापासून पडद्यापर्यंतचे अंतर भागिले चित्राची रुंदी, हे गुणोत्तर प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात दिलेले असते. ते दीड असेल तर सव्वादोन मीटरच्या चित्रासाठी प्रोजेक्टर सुमारे ३ मीटर ४० सेंटिमीटर दूर हवा. १२ फुटांच्या खोलीत, म्हणजे ३ मीटर ६६ सेंटिमीटरमध्ये, तो चालकाच्या मागे छताजवळ कसाबसा बसेल. मग चालकाच्या डोक्याची सावली पडेल का? भिंग जमिनीपासून २ मीटर ४० सेंटिमीटर उंच आणि पडद्याची खालची कड ५० सेंटिमीटरवर आहे असे धरा. खालच्या कडेकडे जाणारा किरण चालकाजवळून जाताना सुमारे १ मीटर ३४ सेंटिमीटर उंचीवर असतो. बुटक्या आसनावर बसलेल्याचा माथा १ मीटर २० सेंटिमीटरवर असेल तर किरण वरून निघून जातो. उंच खुर्ची घेतली की रस्त्यावर डोक्याची सावली पडलीच! हे गुणोत्तर अर्धे असलेला प्रोजेक्टर सुमारे १ मीटर १० सेंटिमीटरवर, चालकाच्या पुढे टांगता येतो आणि सावलीचा प्रश्नच मिटतो.

दोन सूचना. प्रोजेक्टरच्या भिंगात कधीही डोळे घालून पाहू नका. दुसरी अशी की रुंद पडद्यासमोर काहींना मळमळते. डोळे सांगतात "आपण पळतो आहोत" आणि कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नलिका सांगतात "आपण स्थिर आहोत". या भांडणाचा हा परिणाम. असे झाले तर लगेच थांबावे आणि पुढच्या वेळी थोड्या मिनिटांपासून सुरुवात करावी.

करून पाहा

१. घरातला टीव्ही आणि तुमची नेहमीची बसायची जागा यांतले अंतर मोजा. टीव्हीची रुंदी मोजून दर्शनकोन काढा. तो ७४ अंश व्हायला तुम्हाला किती जवळ बसावे लागेल?

२. '१२० इंची' पडद्याची रुंदी आणि उंची काढा. त्यावर ७०० लक्स प्रकाश पाडायला किती ल्युमेनचा प्रोजेक्टर लागेल?

३. एका मित्राच्या खोलीत पडदा २ मीटर ४० सेंटिमीटर रुंद आहे आणि तो २ मीटरवर बसतो. खेळात त्याने ९० अंशांचा कोन ठेवला आहे. त्याला १०० मीटरवरचे वळण किती दूर दिसत असेल?

(उत्तरे : २. रुंदी सुमारे २.६६ मीटर, उंची सुमारे १.४९ मीटर, सुमारे २८०० ल्युमेन. ३. सुमारे १६७ मीटर. पहिल्याचे उत्तर प्रत्येकाच्या घरी वेगळे येईल, ते वर्गात ताडून पाहा.)